टॅटूवरचं मलम: उसनवारीचा इतिहास

टॅटूसाठीच म्हणून विकले जाणारे बाम, फोम आणि पारदर्शक पट्ट्या यांचा स्वतंत्र बाजार अलीकडचा आहे. त्याआधी शंभरेक वर्षं ताज्या टॅटूवर जे काही लावलं गेलं, ते दुसऱ्याच कशासाठी तरी बनलेलं होतं: भाजल्या-कापल्यासाठी, बाळाच्या लंगोटाखालच्या पुरळासाठी, शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी, नाहीतर शिरेत घातलेली सुई हलू नये म्हणून. कोणतं उत्पादन घ्यावं यावरून आज जे वाद झडतात, त्यांतले बरेचसे या उसनवारीतूनच आले आहेत. प्रत्येक पिढीने आपल्या काळातल्या दवाखान्यातून एखादी वस्तू उचलली आणि पुढच्या पिढीने ती घातक ठरवली.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या माणसाच्या अंगावर ६१ टॅटू मोजले गेले आहेत, पण त्यावरून आज कोणती ट्यूब घ्यावी हे ठरत नाही. आपल्या विषयाला सुरुवात होते ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८७२ मध्ये अमेरिकेत पेट्रोलियम जेलीचं पेटंट घेतलं गेलं आणि १८९१ मध्ये तिथेच विजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचं. मशीनमुळे एका बैठकीत मोठा भाग भरता येऊ लागला, म्हणजे एका बैठकीत होणारी जखमही मोठी झाली. जेली तर दुकानात आधीपासूनच होती. पूर्वीचे स्टेन्सिल कोरलेल्या पत्र्यासारखे असत. त्यांच्या चरांत काळी पूड भरायची, कातडीवर जेलीचा हात फिरवायचा आणि स्टेन्सिल दाबायचा की नक्षी उमटायची. काम चालू असताना शाई पुसणं सोपं जावं म्हणूनही तीच जेली. काम संपल्यावर त्याच डबीतला आणखी एक थर वर फासला गेला, यात कोणी विचारपूर्वक घेतलेला निर्णय शोधू नये. डबी हाताशी होती, एवढंच.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काळजीचा विषय मलम नव्हताच, संसर्ग होता. एकाच बादलीतलं पाणी आणि एकच स्पंज अनेक गिऱ्हाइकांना वापरणं तेव्हा नवलाचं नव्हतं. काविळीच्या साथीचं कारण देऊन न्यूयॉर्क शहराने १९६१ मध्ये टॅटू काढण्यावर बंदी घातली. ती उठायला १९९७ उजाडलं. सुया निर्जंतुक करणं, दर गिऱ्हाइकाला नवी सुई, हातमोजे हे सगळं पुढच्या दोन-तीन दशकांत, विशेषतः एचआयव्हीच्या भीतीनंतर, रुळलं. या भीतीचा ठसा मलमाच्या निवडीवरही उमटला. जंतू हाच शत्रू असेल तर जंतू मारणारं मलम लावा, असा सरळ हिशोब झाला.

म्हणून अँटिबायोटिक मलमं आली. बॅसिट्रॅसिन १९४३ मध्ये एका सात वर्षांच्या मुलीच्या जखमेतून घेतलेल्या जिवाणूंमध्ये सापडलं, निओमायसिन १९४९ मध्ये. या दोघांत पॉलिमिक्सिन हे आणखी एक अँटिबायोटिक मिसळून केलेलं तिहेरी मलम काही देशांत चिठ्ठीशिवाय मिळू लागलं आणि स्टुडिओतून घरी देण्याच्या सूचनापत्रकावर जाऊन बसलं. त्याच्या जोडीला असे अ आणि ड जीवनसत्त्वांचं, बाळांच्या पुरळासाठीचं मलम. त्याचा पाया जेली आणि लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला चिकट मेणचट पदार्थ. ही दोन मलमं निदान दोन पिढ्यांनी वापरली.

अँटिबायोटिक मलमाचं आसन डळमळलं ते त्वचातज्ज्ञांमुळे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या ९२२ रुग्णांपैकी काहींना बॅसिट्रॅसिन आणि काहींना साधी पांढरी पेट्रोलियम जेली दिली होती. संसर्गाचं प्रमाण दोन्हीकडे कमीच होतं आणि त्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मात्र ॲलर्जीचं पुरळ उठलं ते फक्त बॅसिट्रॅसिनच्या गटात, चार जणांना. अमेरिकेतली त्वचा-ॲलर्जीच्या तज्ज्ञांची एक संघटना दर वर्षी ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ जाहीर करते. २००३ मध्ये तो मान बॅसिट्रॅसिनला मिळाला, २०१० मध्ये निओमायसिनला आणि २०२३ मध्ये लॅनोलिनला. म्हणजे जुन्या सूचनापत्रकावरची जवळजवळ सगळी यादी ओळीने आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. टॅटूच्या बाबतीत ही ॲलर्जी जास्त त्रासाची, कारण लाल, खाजरं, पाणी धरलेलं पुरळ नेमकं नक्षीवर उठतं. त्याला संसर्ग समजून माणूस तेच मलम आणखी जाड लावतो.

गंमत अशी की १९९६ च्या चाचणीत जी जेली निर्दोष सुटली, तिच्यावरच टॅटूच्या जगात सगळ्यात मोठा खटला चालला आणि अजून चालू आहे.

आरोप तीन. पहिला, जेली शाई ओढून काढते. दुसरा, त्वचेला श्वास घेऊ देत नाही. तिसरा, ती पेट्रोलियमपासून बनते म्हणून कर्करोगाला निमंत्रण. स्टुडिओगणिक यांचं प्रमाण बदलतं, पण तिन्ही एकत्र ऐकवले जातात आणि ऐकवणारा बहुधा शेजारच्या कपाटातला ‘पेट्रोलियममुक्त’ बाम दाखवत असतो.

पहिल्या आरोपात दम नाही. टॅटूची शाई राहते ती वरच्या त्वचेखाली, एक ते दोन मिलिमीटर खोलीवरच्या थरात. रंगकण विरघळणारे नसतात. शिवाय ते तिथे नुसते पडून नसतात, त्यांना भक्षक पेशींनी गिळलेलं असतं. उंदरांवरच्या एका अभ्यासातून २०१८ मध्ये दिसलं की अशी पेशी मेली की तिचे रंगकण सुटतात आणि नवी पेशी ते पुन्हा गिळते. टॅटू टिकतो तो या देवघेवीमुळे. वर पसरलेली जेली तिथपर्यंत जाऊन शाई बाहेर आणेल, असा कुठला मार्ग नाही. पहिल्या दिवसांत कापडाला जो रंग लागतो तो वर राहिलेल्या जास्तीच्या शाईचा आणि लशीचा, म्हणजे जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाचा. तो जेलीशिवायही लागतो.

तरीही हा समज निव्वळ हवेतून आलेला नाही, हे जेलीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य करायला हवं. जाड थर दिवसातून सहा वेळा चोपडला की खाली ओल साचते, कातडी पांढुरकी, लिबलिबीत होते, खपली भिजून फुगते आणि कपड्याला चिकटून वेळेआधी निघते. तिच्यासोबत कधी रंगही जातो. आर्टिस्टने असे फिकट, डागाळलेले टॅटू पाहिले, टच-अप करून दिले आणि दोष डबीला लावला. दोष खरं तर बोटावर घेतलेल्या गोळ्याचा होता. ‘कातडी चमकेल इतकंच लावा, थर दिसला तर पुसा’ ही सूचना जेलीलाही तितकीच लागू होते जितकी महागड्या बामला.

दुसरा आरोप जास्त गुंतागुंतीचा आहे. त्वचा फुफ्फुसासारखा श्वास घेत नाही, पण तिचे अगदी वरचे थर, साधारण पाव ते ०.४ मिलिमीटरपर्यंतचे, थेट हवेतून ऑक्सिजन घेतात, असं २००२ मध्ये मोजून दाखवलं गेलं आहे. तेव्हा ‘श्वास’ हा शब्द अगदीच निराधार नाही. पण जेली म्हणजे प्लॅस्टिकचा कागद, हे समीकरण १९९२ मध्येच मोडलं. ॲसिटोन या द्रावकाने संरक्षक थर बिघडवलेल्या त्वचेवर तिचा अभ्यास झाला, तेव्हा ती वर पापुद्र्यासारखी बसून न राहता मृत पेशींच्या फटींत शिरलेली आढळली, आणि त्वचेची दुरुस्ती नेहमीच्या गतीने चालू राहिली. पूर्ण बंद आवरणाखाली ही दुरुस्ती रेंगाळते, हे आधीच्या प्रयोगांत दिसलं होतं. जेली त्या आवरणासारखी वागली नाही. अर्थात ॲसिटोन वेगळं आणि सुयांनी हजारदा टोचलेली कातडी वेगळी, एवढी सूट दुसऱ्या बाजूला द्यायलाच हवी.

तिसऱ्या आरोपाचं मूळ युरोपच्या सौंदर्यप्रसाधन नियमांत आहे. तिथल्या निषिद्ध यादीत पेट्रोलेटमचं, म्हणजे याच जेलीचं, नाव खरोखर आहे, पण त्याच ओळीत अपवादही आहे: शुद्धीकरणाची पूर्ण साखळी माहीत असेल आणि मूळ पदार्थ कर्करोगकारक नाही हे दाखवता येत असेल, तर वापराला मुभा. औषधी दर्जाची शुद्ध जेली या अपवादात बसते आणि युरोपात राजरोस विकली जाते. जाहिरातींत मात्र ओळीचा पहिला अर्धा भागच पोहोचला आणि ‘युरोपात बंदी’ असं झालं. जेलीऐवजी जे आलं, त्यात लॅव्हेंडर, टी ट्री यांची सुगंधी तेलं आणि मधमाश्यांच्या पोळ्यातला प्रोपोलिस असतो. ही सगळी ॲलर्जीसाठी नावाजलेली मंडळी आहेत. उघड्या जखमेवर कोणता धोका मोठा, हे ठरवताना ‘नैसर्गिक’ या शब्दाला जरा जास्तच वजन मिळालं असं वाटतं.

दरम्यान दवाखान्यात जखमेचाच विचार बदलला होता. १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चढली. पुढच्याच वर्षी माणसांवरही तसाच निष्कर्ष निघाला. कारण सोपं आहे. सुकलेल्या खपलीखाली नव्या पेशींना ओल शोधत खालून वाट काढावी लागते, ओलसर पृष्ठभागावर त्या सरळ सरकतात. टॅटूच्या दुकानांत ‘कोरडं ठेवा, खपली धरू द्या’ हा सल्ला यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिला, आणि काही जुने हात अजूनही तोच देतात. पातळ रेषांच्या कामावर तो फारसा नडतही नाही. भरीव काळ्या कामावर जाड खपली फुटते तेव्हा नडतो.

या संशोधनातून १९७० च्या दशकात पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म आली: पाण्याचे थेंब आत येऊ देत नाही, वाफ बाहेर जाऊ देते. त्वचारोपणासाठी मांडीची वरची कातडी तासून घेतात, तिथे ती वापरली जाई. अशी उथळ, पसरट, ओलसर जखम म्हणजे टॅटूची सख्खी बहीणच. तरी दुकानांत ती सर्रास दिसू लागली २०१० च्या दशकात, ‘सेकंड स्किन’ या नावाने. तोवर स्वयंपाकघरातला क्लिंग रॅपच चाले. तो वाफही अडवतो, म्हणून काही तासांपुरताच ठीक. फिल्मखाली पहिल्या दिवशी शाई, रक्त आणि लस यांची काळी पिशवी साचते. ती पाहून अनेक जण घाबरतात. कडेने गळू लागली तर फिल्म काढून, धुऊन, सुकवून नवी लावायची. गळती नसेल तर ती काही दिवस तशीच राहू देतात.

अलीकडची कायदेशीर धावपळ मलमापेक्षा शाईभोवती झाली. युरोपात ४ जानेवारी २०२२ पासून शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आले, आणि एक निळा व एक हिरवा रंगद्रव्य वर्षभराची सवलत संपल्यावर त्यात गेले. टॅटूचे बाम बहुतेक ठिकाणी सौंदर्यप्रसाधनांतच मोडतात. ‘जखम भरून काढतं’ असं छापलं तर ते औषध ठरतं आणि औषधाच्या परीक्षा द्याव्या लागतात. म्हणून डबीवर ‘शांत करतं’, ‘रंग खुलवतं’ अशी सावध भाषा दिसते. ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दालाही आधार नाही. अमेरिकेत १९७५ मध्ये त्याची व्याख्या ठरवणारा नियम आला होता, तो न्यायालयाने १९७७ मध्ये रद्द केला. त्यामुळे तिथे आजही प्रत्येक कंपनी आपापल्या अर्थाने तो छापू शकते. वासाचंही तसंच: ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या लोशनमध्ये मूळ वास झाकणारं सुगंधी द्रव्य असू शकतं, म्हणून घटकांच्या यादीत सुगंध किंवा परफ्यूम आहे का ते पाहावं.

सध्याचा तंटा फिल्मच्या चिकटद्रव्यावर येऊन ठेपला आहे. ते ॲक्रिलेट जातीचं असतं आणि काहींना त्याची ॲलर्जी येते, कधी पहिल्या नव्हे तर तिसऱ्या-चौथ्या टॅटूच्या वेळी. लाली नेमकी पट्टीच्या चौकोनापुरती असेल तर संशय चिकटद्रव्यावर घ्यायचा, कोमट पाण्याखाली फिल्म हळूहळू ताणून काढायची आणि पुढे साबण-पाणी व बिनवासाचं साधं लोशन यांवर भागवायचं. लाली चौकोनाबाहेर पसरत असेल, पू असेल किंवा ताप असेल, तर तो प्रश्न डॉक्टरचा आहे, मलमाचा नाही.