उलटवता येतो म्हणून बदल भौतिक ठरत नाही

इंदूरच्या मराठी घरांत मुलांचा विज्ञानाचा अभ्यास घेताना एक सोपे सूत्र हमखास सांगितले जाते: उलटवता येणारा बदल भौतिक आणि न येणारा रासायनिक. बर्फ आणि जळलेला कागद यांपुरते ते जुळते; पुढे मात्र फसते.

शहरातील अनेक ई-रिक्षांमध्ये शिसे-आम्ल बॅटरी असते. रिक्षा धावत असताना शिसे आणि लेड डायऑक्साइड यांची सल्फ्युरिक आम्लाशी अभिक्रिया होऊन लेड सल्फेट व पाणी तयार होते, आणि चार्जिंगला लावल्यावर तीच अभिक्रिया उलट दिशेने घडून मूळ पदार्थ परत मिळतात. म्हणजे हा बदल निखालस रासायनिक असूनही रोज उलटवला जातो. निळे मोरचूद तापवल्यावर पाणी गमावून पांढरे पडते आणि पाण्याचे थेंब पडताच पुन्हा निळे होते. याउलट, चक्कीवर दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तरीही दळणे हा मुख्यतः भौतिकच बदल आहे.

पाहायचे ते एवढेच, की अणूंमधील जुने बंध तुटून नवे जुळले का आणि त्यातून निराळा पदार्थ निर्माण झाला का. रंग किंवा बुडबुडे हे केवळ संकेत होत: तापून लाल झालेले लोखंड लोखंडच असते आणि उकळत्या पाण्यातील बुडबुडे वाफेचे असतात.

मीठ पाण्यात विरघळणे शालेय पुस्तके भौतिक मानतात. परंतु त्यात मिठातील आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, स्फटिकरचना मोडून प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू जमतात, त्यामुळे अशा ठिकाणी सीमारेषा धूसरच राहते.