जुन्या मारुती ८०० ची घरगुती क्लासिक रॅली कार: कोण करू शकतं, कागदपत्रं काय, परवानगी कुठे लागते

जुनी ८०० किंवा पहिली झेन अजूनही स्वस्तात मिळते, मागे अंगणात जागा असते, ओळखीचा एखादा वेल्डर असतो आणि डोक्यात ऐंशीच्या दशकातली रॅली गाडी असते, पुढे चार गोल दिवे, मागे लाल मडफ्लॅप, दारावर पांढऱ्या गोलात नंबर. एवढं जमलं की लोक डायरेक्ट ग्रायंडर चालू करतात. माझं कळकळीने सांगणं आहे की ग्रायंडरच्या आधी फाइल करा, कारण कापलेला पत्रा परत जोडता येतो पण आरसी एकदा अडकली की गाडी नुसती अंगणात उभी राहते. खालचं सगळं महाराष्ट्रातल्या पेट्रोल गाडीला धरून आहे.

पहिला प्रश्न, गाडी नक्की कशासाठी करताय? यावर सगळे कागद ठरतात.

एक रस्ता टीएसडी रॅलीचा, म्हणजे टाइम स्पीड डिस्टन्स. चालू रस्त्यावर, ट्रॅफिकचे नियम पाळून, दिलेल्या सरासरी वेगाने जायचं, लवकर पोचलात तरी पेनल्टी आणि उशिरा पोचलात तरी पेनल्टी. दुसरा रस्ता स्टेज रॅलीचा, तिथे बंद केलेल्या रस्त्यावर फुल वेगात घड्याळाशी शर्यत, म्हणजे पिंजरा (गाडी पलटी झाली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा), रेसिंग सीट, फायरप्रूफ सूट सगळं आलं. टीएसडी म्हणजे खालच्या दर्जाचं काहीतरी असं बऱ्याच जणांना वाटतं, ते डोक्यातून काढा. जगभरात क्लासिक गाड्यांच्या रॅली बहुतेक याच रेग्युलॅरिटी पद्धतीने होतात, डकार रॅलीबरोबर जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून चालू झालेली डकार क्लासिकसुद्धा त्यातलीच, आणि २०२५ ला आपले पुण्याचे संजय टकले त्यात उतरले होते. म्हणून घरी बनवलेली पहिली गाडी असेल तर माझं स्पष्ट मत, टीएसडीसाठीच बनवा. खर्च कमी, गाडी रोज रस्त्यावर चालवता येते आणि कागद सरळ राहतात.

मग व्हिंटेजमध्ये का नाही टाकायची, हे पण खूप जण विचारतात. १५ जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जास्त जुनी खाजगी गाडी, आणि चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल न झालेली. मारुती ८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये, म्हणजे अगदी पहिल्या लॉटमधली गाडी असली तरी २०३३ च्या आत बसत नाही, आणि तोवर तुम्ही तिची रॅली कार करून ठेवलीत तर नंतरही बसणार नाही कारण ती मूळ रूपात राहिली नाही. ज्यांच्याकडे खरंच ५० च्या वरची मूळ गाडी आहे त्यांना फॉर्म २० भरून, जुनी आरसी आणि इन्शुरन्स जोडून, नवीन नोंदणीचे २०,००० भरून व्हिंटेज नोंदणी मिळते, १० वर्षांसाठी; आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला एमएच व्हीए सिरीजचा नंबर. पण ती गाडी रोजच्या वापराला नाही, फक्त प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामापुरती बाहेर काढायची. त्यातच तुमच्या हातात पहिल्या पिढीची ८००, म्हणजे एसएस८०, आली असेल तर हात जोडून विनंती, ती कापू नका, जपा, रॅलीसाठी नव्वदच्या दशकातली साधी ८०० भरपूर मिळतात.

आता गाडी घेताना. घेणाऱ्याच्या नावावर गाडी झाल्याशिवाय एक पाना पण फिरवू नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात, सोबत मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचे आधार, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६०. लोनचा बोजा आरसीवर दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, मग ते लोन वीस वर्षांपूर्वी फिटलं असलं तरी, आणि जुन्या गाड्यांमध्ये हा बोजा फार सापडतो कारण लोन फिटलं की लोक आरटीओत जायचंच विसरतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. 'पेपर नंतर करू, गाडी घेऊन जा' म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊच नका, मग ती कितीही स्वस्त असो. दिल्लीकडच्या स्वस्त गाड्यांचा मोह पण होतो, तिकडे १५ वर्षांवरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध म्हणून त्या स्वस्त, पण एनओसी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

बघताना एक गोष्ट टॉर्च घेऊन बघाच. बॉनेट उघडा, इंजिनच्या मागे फायरवॉलच्या पत्र्यावर चासी नंबर पंच केलेला असतो. तिथला रंग पुटीसकट जाड असेल, आजूबाजूला वेल्डिंगचे डाग असतील, अक्षरं वरखाली असतील तर पाठ फिरवा. पासिंगला इन्स्पेक्टर तिथेच कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि त्या ठशात एकही आकडा पुसट आला की फाइल थांबते. स्वतः काम करतानाही हा तुकडा मास्किंग टेपने झाकून ठेवा, सँडब्लास्ट, पुटी, जाड प्रायमर काही लागता कामा नये.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी रिन्यू. त्याला फॉर्म २५, संपायच्या आधी ६० दिवसांत अर्ज, आणि गाडी प्रत्यक्ष आरटीओत दाखवायची. कारला ५,००० फी होती, २० वर्षांच्या वरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झाली, उशीर केला तर दर महिन्याचा दंड वेगळा, शिवाय आपल्याकडचा पर्यावरण कर आहेच. आकडे बदलत असतात त्यामुळे परिवहनच्या साइटवर भरताना दिसेल तीच रक्कम धरा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी प्लेट सक्तीची आहे, ती पण आधीच लावून घ्या, जुन्या स्टाइलची हाताने रंगवलेली प्लेट फोटोत कितीही भारी दिसली तरी चालणार नाही. हे सगळं गाडी स्टॉक, म्हणजे मूळ रूपात, असताना करा, म्हणजे मधेच मुदत संपली आणि अर्धवट सोललेली गाडी दाखवायची वेळ आली असं होणार नाही.

खरा गुंता पुढे आहे, मॉडिफिकेशन.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकाने बदलायची नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या प्रकरणात हेच ठाम करून टाकलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्यात विनापरवानगी बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे नीट वाचा. म्हणून काम चालू करायच्या आधी स्वतःची आरसी समोर घ्या आणि बघा त्यावर काय काय लिहिलंय: इंजिन नंबर, सीसी, इंधन, रंग, किती जण बसणार, गाडीचं वजन, बॉडीचा प्रकार. यातल्या ज्या ज्या ओळीला तुमचा प्लॅन हात लावतो तिथे तिथे आधी आरटीओची परवानगी. ८०० च्या ७९६ सीसीच्या जागी झेनचं ९९३ टाकायचं म्हणजे इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही बदलले. मागची सीट काढून टाकली, सीटिंग बदललं. पांढऱ्याची लाल पिवळी केली, रंग बदलला. इंजिन खराब झालं म्हणून तेच त्याच जातीचं इंजिन टाकत असाल तर अर्जाबरोबर इंजिनचं बिल लागतं, आणि परवानगीशिवाय बदल झालाच असेल तर १४ दिवसांत कळवायचं असं कायदाच सांगतो. भंगारातून विनाबिल इंजिन आणलं तर ते चोरीच्या गाडीचं नाही हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच नसतं. गाडी लोनवर असेल तर बँकेची लेखी संमती पण हवी.

परवानगी मिळेलच असं मात्र समजू नका. मोठं इंजिन किंवा पत्रा कापून केलेली बॉडी याला नकार येण्याची शक्यताच जास्त. त्यामुळे टीएसडीच्या गाडीत आरसीला धक्का न लावणारी कामं करा, आणि तशी कामं पुष्कळ आहेत: सस्पेन्शनचे बुश, शॉकअप, ब्रेक नवे करणं, कूलिंग सुधारणं, वायरिंग पूर्ण नवीन ओढणं, इंजिनच्या खाली सम्प गार्ड, मडफ्लॅप, चांगले टायर. गाडीचं वजन जेमतेम साडेसहाशे किलो, तिला एवढ्यावरच घाटात जी चाल येते ती चालवून बघावी. पुढच्या जादा दिव्यांचं तेवढं सांभाळा, केंद्रीय मोटार वाहन नियम १११ प्रमाणे पुढे स्पॉटलाइट लावायला आरटीओची आधी परवानगी लागते आणि ती अपवाद म्हणूनच मिळते, म्हणून रस्त्यावर जाताना दिवे ब्रॅकेटसकट काढून ठेवायची सोय करा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावू नका, त्याला वेगळं कलम लागतं.

इन्शुरन्सचं बहुतेक जण विसरतात. आपल्या साध्या पॉलिसीत शर्यत, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल वगळलेलं असतं. रॅलीसाठी आयएमटी ३१ नावाचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, आहे, ते इव्हेंटच्या नाव तारखेसकट कंपनीकडून लेखी घ्यायचं, आणि गाडीत केलेले बदलही कळवायचे. एजंट म्हणेल काय गरज आहे, पण आपण पत्र घ्यायचंच.

ड्रायव्हरची पात्रता. वय १८, चालू कार लायसन्स, आणि एफएमएससीआयचं स्पर्धा लायसन्स, कारण देशात मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संघटना तीच. अर्ज ऑनलाइन होतो, फोटो, वयाचा पुरावा, ड्रायव्हिंग लायसन्स, रक्तगट, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट तयार ठेवा. लायसन्स वर्षाचं असतं आणि टीएसडीचं वेगळं, स्टेज रॅलीचं वेगळं, त्यामुळे कॅटेगरी बघून घ्या. शेजारी बसणाऱ्या नेव्हिगेटरचे कागद पण तुमच्याइतकेच महत्त्वाचे. आणि इव्हेंट कुठला हे तपासा, कारण सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ भाग घेणाऱ्यालाही लागतं, पहिल्यांदा ५,००० दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. ग्रुपवर पहाटेची 'रन' ठरते ती या कलमातच येते, तिला रॅली म्हणू नका.

ज्यांना स्टेज रॅलीच करायचीय, नाशिकच्या रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या इव्हेंटचं स्वप्न आहे, त्यांनी आधी त्या वर्षीचे एफएमएससीआयचे नियम आणि आयोजकाचे नियम वाचायचे आणि आपलं मॉडेल कुठल्या क्लासमध्ये बसतं का, होमोलोगेशन, म्हणजे त्या मॉडेलला स्पर्धेसाठी अधिकृत मान्यता, आहे का हे लेखी विचारायचं. वर्षानुवर्षं क्लास बदलतात, जुन्या गाड्या बाहेर पडतात. दोन स्टेजच्या मधला प्रवास साध्या चालू रस्त्यावर होतो, त्यामुळे आरसी, इन्शुरन्स, पीयूसी इथेही सुटत नाहीत.

पिंजऱ्यावर थोडं जास्त लिहितो कारण इथे लोक जीव धोक्यात घालतात. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांत, अपेंडिक्स जे, कलम २५३ मध्ये माप दिलंय: मुख्य हूप (पुढच्या सीटच्या मागची मोठी कमान) सीमलेस कोल्ड ड्रॉन कार्बन स्टीलचा, ४५ मिमी व्यास २.५ मिमी जाडी किंवा ५० मिमी व्यास २ मिमी जाडी, बाकीचे पाइप ३८ ला २.५ किंवा ४० ला २. गेट, ग्रील करणाऱ्याकडचा साधा जोडाचा पाइप दिसायला तसाच असतो पण पलटी झाल्यावर जोडावरच उघडतो. पाइपचं बिल आणि मटेरियल सर्टिफिकेट फाइलला लावा. प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमीची प्लेट, तिचा आकार किमान १२० चौरस सेंटीमीटर, बॉडीला वेल्ड केलेली, आणि पायाला किमान तीन बोल्ट, एम८ च्या खाली नाही, ८.८ ग्रेडचे. ८०० चा फ्लोअर पातळ आणि बहुतेक वेळा चटईखाली गंजलेला असतो, गंजलेल्या पत्र्यावर प्लेट वेल्ड करणं म्हणजे काहीच न करणं, आधी तो पत्रा बदला. डोकं जिथे आपटू शकतं तिथे पॅडिंग. पिंजरा बसवलेली गाडी रोज हेल्मेटशिवाय वापरू नका, साध्या धक्क्यातही डोकं त्या पाइपवर जातं. पिंजरा बसवल्यावर आरसीचं काय, हा प्रश्न इथेही आहेच, म्हणून वेल्डिंगच्या आधी ड्रॉइंग घेऊन आरटीओत लेखी विचारा. परवानगी नाही मिळाली तर तिथेच थांबा आणि टीएसडीला वळा. गाडी फक्त खाजगी ट्रॅकवर वापरायची असं ठरलं तर नोंदणी रद्द करायचा मार्ग आहे, मग मात्र ती कायम ट्रेलरवरूनच न्यायची.

इव्हेंटच्या आदल्या दिवशी स्क्रुटिनी, म्हणजे गाडीची आणि सामानाची तपासणी, असते. तपासणारा माणूस सीटबेल्ट ओढून बघतो, लेबलवर कुठल्या वर्षापर्यंत चालेल ते वाचतो, खांद्याचे पट्टे मागे किती उतरतायत ते बघतो, ४५ अंशांपेक्षा जास्त खाली गेले तर नापास, कारण धक्क्यात ते पाठीचा कणा दाबतात. बॅटरी कटऑफ आतून आणि बाहेरून दोन्हीकडून चालला पाहिजे, इंजिन बंद पडलं पाहिजे, बाहेर निळ्या त्रिकोणात लाल वीज असलेलं स्टिकर. पुढे मागे टो हुक, ठळक रंगात. अग्निशामक घट्ट बांधलेला, तारीख चालू. हेल्मेट, सूट, मानेचं हान्स या सगळ्यावर एफआयएचं लेबल शाबूत हवं, धुताना उसवलं म्हणून कापून टाकलेलं लेबल म्हणजे वस्तू बाद, आणि सेकंडहँड घेताना यातच लोकांचे पैसे बुडतात.

फाइलमध्ये मूळ आणि दोन झेरॉक्स: आरसी, इन्शुरन्स आणि एंडोर्समेंटचं पत्र, पीयूसी, दोघांची ड्रायव्हिंग लायसन्स, दोघांची एफएमएससीआय लायसन्स, आरटीओच्या परवानग्या, पाइपचं सर्टिफिकेट, सीट, बेल्टची बिलं, आणि काम चालू असतानाचे फोटो. पिंजऱ्याच्या पायाचे फोटो रंग मारायच्या आधीच काढा, वेल्डिंग दिसेल असे, जवळून.