एकाच प्रोसेसरमधून दोन-तीन वाद्यं वाजवताना
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नवरात्र जवळ आली की बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या गरबा मंडळांचे वादक आमच्याकडे हमखास एक प्रश्न घेऊन येतात: गिटारसाठी घेतलेला प्रोसेसर (आवाजावर निरनिराळे इफेक्ट देणारं, पायाने चालवायचं पेडल) आहेच, तर मँडोलिन आणि कीबोर्डही त्यातूनच काढता येतील का? येतील. पण कोणतं वाद्य कुठल्या जॅकला लावायचं आणि आत कुठपर्यंत वेगळं ठेवायचं, हे आधी ठरवा. ते न ठरवता वायरी खुपसल्या की पहिल्याच रात्री आवाजाचा चिखल होतो आणि बोल मात्र पेडलला लागतो.

आधी जॅक नीट निवडा

वाय-केबलने दोन गिटार एका इनपुटला जोडू नका. एकीचा व्हॉल्यूम नॉब शून्यावर आणला की दुसरीचाही आवाज पडतो. शिवाय बाहेरच मिसळलेले सिग्नल आतल्या कुठल्याही मेन्यूतून पुन्हा वेगळे होत नाहीत.

गिटार इनपुटचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) साधारण 1 मेगोहम असतो, कारण इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपला तेवढाच लागतो. ऑक्स किंवा लाइन इनपुटचा (कीबोर्डसारख्या जोरदार सिग्नलसाठीच्या जॅकचा) बहुधा 10 किलोहमच्या आसपास. तिथे साधी गिटार लावली तर आवाज बारीक होतो आणि वरची धार जाते. कीबोर्डचं मात्र उलटं. तो लाइन इनपुटवर खूश असतो. गिटार इनपुटला लावलाच तर त्याचा व्हॉल्यूम बराच खाली ठेवा, नाहीतर जोरात वाजवताच आवाज फाटतो. मँडोलिनला पिझो पिकअप (लाकडाची थरथर पकडणारा) असेल तर मध्ये छोटा प्रीअँप (सिग्नल आधी वाढवणारी डबी) घ्याच. पिझोला 1 मेगोहमही कमी पडतो आणि खर्जाचा भाग निघून जातो.

हेलिक्स फ्लोअर या प्रोसेसरमध्ये गिटार, ऑक्स आणि माइक असे तीन वेगळे इनपुट आहेत, शिवाय चार रिटर्न (बाहेरच्या पेडलमधून परत येणारा आवाज घेणारे जॅक). क्वाड कॉर्टेक्स या प्रोसेसरमध्ये दोन इनपुट आहेत, त्यांना माइकही जोडता येतो. जिथे मेन्यूतल्या इनपुट ब्लॉकला (आवाज कुठल्या जॅकमधून घ्यायचा ते ठरवणाऱ्या चौकटीला) ‘रिटर्न’ निवडता येतो तिथे रिटर्नचा जॅकही जादा इनपुट म्हणून चालतो. मग त्याच लूपमध्ये (त्या रिटर्नच्या जोडीत) बाहेरचं पेडल ठेवू नका. फँटम पॉवर (माइकला वायरीतूनच मिळणारी वीज) फक्त कंडेन्सर माइक असेल तेव्हाच चालू करा.

डिस्टॉर्शन ज्याचं त्याला, रिव्हर्ब सगळ्यांना

एवढं एक समजलं तरी निम्मं काम झालं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

समजा गिटारवर 240 हर्ट्झचा सा वाजतोय आणि मँडोलिनवर 270 चा शुद्ध रे. दोघं एकाच डिस्टॉर्शनमधून (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टमधून) गेले तर त्यांची बेरीज 510 आणि वजाबाकी 30 असे सूर नव्याने तयार होतात, शिवाय 210 सारखे (240 ची दुप्पट वजा 270). कोणी वाजवलेले नसताना ते स्पीकरमधून येतात. 30 हर्ट्झची घरघर बास आणि ढोलावर बसते, 210 सरळ बेसूर लागतो. जोरदार आवाज दाबणाऱ्या कंप्रेसरचंही तसंच: गिटारचा जोरदार ठोका पडला की मँडोलिनही दबते. म्हणून प्रत्येक वाद्याला त्याचा स्वतंत्र पाथ (प्रोसेसरच्या आतली वाट) द्या. नॉइज गेट (खरखर थांबवणारा), कंप्रेसर, ड्राइव्ह (म्हणजे डिस्टॉर्शन), अँप आणि ईक्यू (खर्ज-धार कमी-जास्त करणारा) त्या पाथवरच हवेत.

रिव्हर्ब (सभागृहासारखी घुमार) आणि साधा डिजिटल डिले (प्रतिध्वनी) यांची गोष्ट वेगळी आहे. ते आलेल्या सुरांत नवे सूर घालत नाहीत, त्यामुळे दोन्ही पाथ एकत्र झाल्यावर एकच रिव्हर्ब लावला तरी चालतो. प्रोसेसरची ताकदही वाचते. चांगले रिव्हर्ब बरीच खातात आणि दुसऱ्या पाथवर अँप लावायला जागा उरत नाही.

बाहेर काढताना

गरब्याच्या मैदानावर आम्ही मात्र दुसरी मांडणी सुचवतो. गिटार पूर्ण डावीकडे, मँडोलिन पूर्ण उजवीकडे पॅन करा, दोन्ही आउटपुट मिक्सरच्या दोन चॅनलना द्या आणि तिथे दोन्ही मध्यभागी ठेवा. साउंडवाल्याला मँडोलिन एकटी वर घेता येते, तुम्हाला वाजवता वाजवता वाकावं लागत नाही. या मांडणीत एकत्र स्टीरिओ रिव्हर्ब चालत नाही. तो दोन्ही वाद्यं दोन्हीकडे पसरवतो. तेव्हा रिव्हर्ब मिक्सरवरच घ्या.

एकच वादक गिटार ठेवून मँडोलिन उचलणार असेल तर स्नॅपशॉट (एका बटणावर बदलणारी साठवलेली सेटिंग) वापरा: पहिल्यात मँडोलिनचा पाथ बंद, दुसऱ्यात गिटारचा. स्टँडवर ठेवलेली गिटार मग शिट्टी मारत नाही.

हमिंग आणि अर्थिंग

कीबोर्ड स्टेजच्या बोर्डावर आणि प्रोसेसर मिक्सरकडच्या बोर्डावर लावला की ‘हूंऽऽ’ सुरू होतं. आधी दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. नाही गेलं तर कीबोर्ड डीआय बॉक्समधून (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची डबी) आणा आणि तिच्यावरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या वायरीतली अर्थ तोडणारं) बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठ माइकला, अशा वेळी बसलेला शॉक जीव घेऊ शकतो.

सेटिंगसाठी येताना प्रोसेसर, त्याचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर आणि कार्यक्रमात वापरणार तीच वाद्यं, त्याच वायरी आणा. पाथ लावून, लेव्हल मिळवून, प्रीसेटची एक प्रत तुमच्या पेनड्राइव्हवर देतो. नवरात्रीच्या आदल्या आठवड्यात गर्दी असते, त्यामुळे गणपती उठले की लगेच या.