टोकन घेतलं म्हणजे चित्र आपलं झालं?

‘डिजिटल संग्रहवस्तू विकत घ्या, चित्र कायमचं तुमचं, ब्लॉकचेनवरून कुणी पुसू शकत नाही,’ असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. ही संग्रहवस्तू म्हणजे एनएफटी नावाचं टोकन, आणि ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपलेली नोंदवही. अर्धी गोष्ट खरी असल्यानं तो पटतोही.

ब्लॉकचेनवर बहुधा चित्र नसतंच. तिथं असतो टोकनचा क्रमांक, तो कोणत्या वॉलेटकडे, म्हणजे डिजिटल पाकिटाकडे, आहे याची नोंद आणि चित्राची माहिती कुठं ठेवलीय तो पत्ता. कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत घेतलेल्या साजाची पावती जपली म्हणून साज तिजोरीत आहे असं होत नाही, तसंच हे.

तपासणं सोपं आहे. इथेरियम या ब्लॉकचेनवरचं टोकन असेल तर ब्लॉक एक्सप्लोररवर (तिथल्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर) त्याचा कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे टोकन चालवणारा प्रोग्रॅम, उघडा, ‘रीड कॉन्ट्रॅक्ट’मध्ये ‘टोकनयूआरआय’ शोधा, टोकन क्रमांक टाका. उत्तर ‘एचटीटीपीएस’नं सुरू झालं तर माहिती कुणाच्या तरी सर्व्हरवर आहे, भाडं थकलं की रंकाळ्याच्या चित्राजागी कोरी चौकट. ‘आयपीएफएस’ (अनेक संगणकांवर फाइल ठेवायची पद्धत) असेल तर त्या पत्त्यावरची फाइल गुपचूप बदलता येत नाही, पण ती कुणीतरी साठवून ठेवावीच लागते. ‘डेटा’नं सुरुवात असेल तर माहिती ब्लॉकचेनवरच आहे, तरी त्यातली चित्राचा पत्ता देणारी ओळ वेगळी बघा, चित्र बाहेर असू शकतं.

कॉपीराइटचं निराळंच. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19नुसार हक्क लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. नुसत्या खरेदीनं तो येत नाही. टी-शर्टवर चित्र छापण्याआधी परवान्याच्या अटी वाचा.

नुसत्या मोबाइल नंबरवर खातं उघडणाऱ्या ॲपमध्ये वॉलेटची किल्ली (टोकन हलवायला लागणारा गुप्त कोड) अनेकदा कंपनीकडेच असते. म्हणून टोकन स्वतःच्या वॉलेटमध्ये नेता येईल असं ‘बाहेर पाठवा’ हे बटण आहे का ते आधी बघा.