रानबदकांचे हिवाळी क्षेत्रचित्रण

पाणथळीच्या काठी बसून, जिवंत रानबदके पाहत जागेवरच त्यांची रेखाटने व जलरंगचित्रे करण्याची पद्धत. हिवाळ्यात बदके उघड्या पाण्यावर थव्यांनी राहतात आणि विणीनंतर मादीसारखा मळकट झालेला नरांचा पिसारा याच महिन्यांत पुन्हा रंगतो. मात्र हा बदल सर्व जातींत एकाच वेळी होत नाही. तलवार बदकाचा नर डिसेंबरपर्यंत बहुधा रंगून तयार असतो, तर भुवई बदकाची पांढरी भुवई पुष्कळदा फेब्रुवारीच्या सुमारास स्पष्ट होते. म्हणून रेखाटनावर तारीख घालणे आवश्यकच मानावे.

महाराष्ट्रात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वर (जि. नाशिक) हे राज्यातील पहिले रामसर स्थळ (रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखाली महत्त्वाची ठरवलेली पाणथळ) या कामासाठी उत्तम आहे. अनेक जातींची बदके रात्री चरतात आणि दिवसा पाठीत चोच खुपसून विसावतात, त्यामुळे तिवईवरच्या दुर्बिणीतून त्यांचा आकार सावकाश टिपता येतो. पक्षी हलला की ते रेखाटन अर्धे सोडून त्याच पानावर दुसरे सुरू करतात आणि पक्षी पूर्वीच्या ठेवणीत आला की पहिल्याकडे परततात. ऊन चढल्यावर पाण्यावरील तापलेली हवा थरथरू लागते व दुर्बिणीतील बारकावे पुसट होतात. म्हणून सकाळचे तास मोलाचे. अंतर राखणे ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. चित्रकार फार जवळ गेला की बदके माना ताठ उभारतात, आणि ती भेदरलेली ठेवणच मग नैसर्गिक म्हणून चित्रात उतरते.

रंगांत सर्वांत अवघड भाग चमकदार पिसांचा. थापट्या बदकाच्या नराचे डोके हिरवे म्हणून ओळखले जाते, परंतु ती झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश परावर्तित होऊन उमटत असल्याने कोन बदलताच डोके जांभळट किंवा काळे दिसते. तेथे पुस्तकातला हिरवा भरण्यापेक्षा त्या क्षणी दिसलेला काळाच लावणे अधिक खरे.

इंग्लंडमध्ये पक्षिचित्रकार पीटर स्कॉट (१९०९–१९८९) यांनी या चित्रणाला संशोधनाची जोड दिली. तरुणपणी बदकांची शिकार करणाऱ्या स्कॉट यांनी १९४६ मध्ये स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांच्या संवर्धनासाठी संस्था स्थापन केली. तेथे हिवाळ्यात येणाऱ्या, बदकांच्याच कुळातील बेविक हंसांच्या चोचींवरील काळी-पिवळी नक्षी ते १९६४ पासून रेखाटू लागले. प्रत्येक हंसाची नक्षी निराळी असल्याने, पक्षी न पकडता तोच हंस पुढील हिवाळ्यात परतला की नाही, हे या रेखाटनांवरून ठरवता येऊ लागले.