भीती गेली की खेळ येतो

रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू पहिल्या दिवशी घराला हसवत नाही. ते दिवाणाखाली भिंतीला चिकटून बसतं, वाटीतली कुस्करलेली भाकरी कुणी बघत नसताना खातं आणि दाराची कडी वाजली तरी दचकतं. सोलापुरातल्या कुठल्याही पेठेत हे बघायला मिळेल. घरातली पोरं चेंडू टाकून बघतात, टाळ्या वाजवतात आणि शेवटी हिरमुसून म्हणतात, "हे तर खेळतच नाही." मला ही तक्रार फार मोलाची वाटते. प्राणी खेळतो की नाही, यावरून त्याला सुरक्षित वाटतंय की नाही हे कळतं. याच्याइतकी भरवशाची खूण दुसरी क्वचितच सापडेल.

जाक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने उंदरांच्या पिल्लांवर केलेला एक साधा प्रयोग इथे आठवतो. ही पिल्लं एकमेकांशी लुटुपुटूची कुस्ती खेळायची. त्यांच्या पिंजऱ्यात मांजराच्या केसांचा एक छोटा पुंजका ठेवला. प्रयोगशाळेत जन्मलेल्या या पिल्लांनी आयुष्यात कधी मांजर पाहिलेलं नव्हतं, तरी वासासरशी खेळ थांबला. पुंजका काढून टाकल्यावरही पुढचे काही दिवस ती पूर्वीसारखी खेळली नाहीत. धोका टळला तरी भीती मेंदूत रेंगाळते, आणि ती असेपर्यंत खेळाला जागा मिळत नाही. गाडीखाली येता येता वाचलेलं, दगड खाल्लेलं पिल्लू दिवाणाखालून का निघत नाही, याचं उत्तर यातच आहे.

पँकसेप यांनीच उंदरांना गुदगुल्याही करून पाहिल्या होत्या. तेव्हा उंदीर सुमारे 50 किलोहर्ट्झचा चिवचिवाट करतात. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झच्या पुढचं ऐकू शकत नाही, म्हणून त्यासाठी खास यंत्र लागलं. गुदगुल्या थांबवल्या की उंदीर त्या हाताच्या मागे धावायचे. याला हसणं म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. पण आनंदाची मुळं माणसापेक्षा कितीतरी जुनी आहेत, हे मात्र त्यातून ठळकपणे पुढे आलं.

साखर पेठेतल्या एका ओळखीच्या घरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्डा यात्रेच्या दिवसांत एक पिल्लू आलं, म्हणून त्याचं नावच गड्डा पडलं. घर तेलुगू भाषिक. आजी त्याला "रा, रा" म्हणून बोलावते, नातवंडं मराठीत दटावतात आणि गड्डा दोघांचंही ऐकतो. काही आठवडे तो मोरीच्या कोपऱ्यातच असायचा. मग एका सकाळी आजीने दोरीवर वाळत घातलेला टॉवेल त्याने ओढला. चांगला जाडजूड सोलापुरी टर्किश टॉवेल, त्याच्यापेक्षा वजनाला जास्तच असेल. टॉवेल पायात अडकून तो कोलमडला, उठला, आणि आजी ओरडायच्या आत पुढचे दोन्ही पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून, शेपूट हलवत उभा राहिला. आजीने लटक्या रागाने लाटणं उगारलं, पण हसू काही तिला आवरेना. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ती खालीच बसली.

गड्ड्याची ती पुढे वाकण्याची ढब म्हणजे कुत्र्यांच्या भाषेतलं खेळाचं आमंत्रण. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी ती बारकाईने तपासली. त्यांना दिसलं की कुत्री अशी कधीही, कशीही वाकत नाहीत. खेळताना चावा घेऊन मान झटकणं अशी खरी मारामारी वाटावी अशी कृती करायची असली, की तिच्या अलीकडे किंवा पलीकडे हमखास वाकतात. 'हे खोटं खोटं आहे बरं का' असं समोरच्याला बजावणं त्यात असतं. ज्याला समोरच्यावर विश्वास नाही तो असं आमंत्रण देणार नाही. म्हणून पिल्लू घरात पहिल्यांदा वाकतं तो दिवस मला त्याच्या वाढदिवसापेक्षा मोठा वाटतो.

आता आजीच्या हसण्याकडे वळू. हसण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी माणसांच्या हसण्याच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा एकट्यापेक्षा सोबत कुणी असताना माणूस सुमारे 30 पट जास्त हसतो असं आढळलं. हसणं मुळात नात्याचं काम करतं. 2017 मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी मित्रांसोबत खळखळून हसलेल्या माणसांच्या मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा मेंदू स्वतःच तयार करतो ती वेदनाशामक, सुख देणारी रसायनं हसण्यानंतर वाढलेली दिसली. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरी कुत्रं किंवा मांजर आलं की त्या 'सोबतीला' एक जीव मिळतो. त्याला विनोद कळायची गरज नाही.

कुत्र्याच्या डोळ्यांत बघण्याचाही परिणाम मोजला गेलाय. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं, की जे कुत्रे मालकाकडे बराच वेळ टक लावून बघतात, त्यांच्या मालकांच्या शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं आणि त्या कुत्र्यांच्याही. आई आणि तान्ह्या बाळाची माया घट्ट करणारं हेच ते संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत मात्र असं काही दिसलं नाही. 2019 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: भुवईचं आतलं टोक वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला विकसित असतो, लांडग्यांत तो जवळजवळ नसतोच. गरीब चेहरा करून चपातीचा तुकडा मिळवणाऱ्या कुत्र्यामागे हजारो वर्षांचा सहवास आहे.

आपल्या गावठी कुत्र्यांबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, आणि त्यांच्यावरचं उत्तम काम भारतातच झालंय. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करताहेत. अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा भेटतो तेव्हा नुसत्या खाण्यापेक्षा अंगावरून फिरलेल्या हाताने या कुत्र्यांचा विश्वास लवकर बसतो, असं त्यांना 2017 मध्ये आढळलं. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासातला आकडा मात्र काळजाला लागतो: रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांपैकी जेमतेम 19 टक्के सात महिन्यांपर्यंत जगली, आणि बऱ्याच मृत्यूंना माणूस कारण होता. गड्ड्याचा टॉवेलचा खेळ या आकड्याशेजारी ठेवून बघा.

पिल्लूच हवं असा हट्टही धरू नये. कुत्र्याच्या पिल्लांचा माणसाची ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो हे खरं, पण म्हणून मोठ्या कुत्र्याला लळा लागत नाही असं नाही. 2001 मध्ये हंगेरीतल्या निवारागृहांत असं दिसलं, की एखाद्या माणसाने दहा-दहा मिनिटांच्या तीनच भेटी दिल्या, तरी प्रौढ कुत्रे त्याच्याशी जवळच्या नात्यासारखं वागू लागतात. मांजरांची तऱ्हा वेगळी. 2009 मध्ये प्राण्यांच्या आवाजांच्या अभ्यासक केरन मॅककोंब यांनी दाखवलं, की खाणं मागताना काही मांजरं गुरगुरण्यात रडण्यासारखा एक वरच्या पट्टीचा सूर मिसळतात आणि तो माणसाला दुर्लक्षिता येत नाही. पहाटे पाचला उठवणाऱ्या बोक्याचं गुपित हेच असावं.

सोलापुरात असा जीव घरी आणणार असाल तर आधी उन्हाचा विचार करा. इथला मे महिना चाळिशी सहज ओलांडतो, आणि कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर, म्हणजे पाण्यावर. नळाला काही दिवसांआड पाणी येतं अशा घरात त्याच्या वाट्याचं पाणी वेगळं काढून पसरट मातीच्या भांड्यात सावलीत ठेवावं, आणि फिरायला डांबर तापायच्या आत न्यावं. जंताचं औषध आणि इतर लसी पशुवैद्य सांगतील तेव्हा द्याव्या. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर चुकवू नये. खेळताना दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठावा. घरचंच आहे म्हणून सोडून देऊ नये.

संक्रांतीच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, त्या रात्री आणि दिवाळीत त्याला आतल्या खोलीत ठेवा. खिडक्या लावून घ्या, पंखा किंवा टीव्ही चालू असू द्या आणि शक्य असेल तर कुणीतरी जवळ बसा. दुसऱ्या दिवशी तो चेंडूकडे बघणार नाही, तेव्हा ओढून बाहेर काढू नका. त्या उंदरांसारखाच त्यालाही वेळ लागतो. चार-पाच दिवसांनीही खेळ परत आला नाही तर पशुवैद्याला दाखवा, आणि खाणंही सुटलं असेल तर त्याच दिवशी न्या.