शौचालय अनुदान: आधी खड्डा ठरवा, मग अर्ज भरा

गावाकडे घर बांधताना टाइल्सच्या रंगावर महिनाभर खल होतो. संडासाची टाकी मात्र गवंडी म्हणेल तेवढी आणि तो दाखवेल तिथे खोदली जाते. बांधून झाल्यावर कुणीतरी अनुदानाची आठवण करून देतो आणि मग ग्रामपंचायतीत हेलपाटे सुरू होतात.

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) मधून वैयक्तिक शौचालयासाठी १२,००० रुपये मिळतात. त्यात केंद्राचा वाटा ७,२०० आणि राज्याचा ४,८०० रुपये. दारिद्र्यरेषेखालील सर्व कुटुंबे पात्र असतात. दारिद्र्यरेषेवरच्यांपैकी अनुसूचित जाती-जमाती, अल्प व अत्यल्प भूधारक, राहते घर असलेले भूमिहीन मजूर, दिव्यांग आणि महिला कुटुंबप्रमुख यांनाच लाभ मिळतो. घरात आधीच शौचालय असेल किंवा पूर्वी अनुदान उचलले असेल, तर अर्ज टिकत नाही. भावापासून वेगळे राहू लागलेल्यांनी शिधापत्रिका आधी विभक्त करून घ्यावी. नाहीतर जुन्या यादीत एकत्र कुटुंबाचे शौचालय दिसते आणि गाडी तिथेच अडते.

अर्ज मिशनच्या केंद्रीय संकेतस्थळावर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून भरता येतो. आधार क्रमांक, बँक खाते, आयएफएससी आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत लागते. आधारवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव अक्षरन् अक्षर जुळते का, ते आधी बघा. याशिवाय शिधापत्रिका, घराचा नमुना ८ चा उतारा आणि प्रवर्गाचा पुरावा (जातीचा दाखला, शेतजमिनीचा ८-अ उतारा, दिव्यांग प्रमाणपत्र, जे लागू असेल ते) जवळ ठेवा. ऑनलाइन जमत नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) जा. पडताळणी ग्रामपंचायत आणि पंचायत समितीच्या पातळीवर होते, आणि पूर्ण बांधकामाचा जिओ-टॅग केलेला (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो चढवावा लागतो. पैसे थेट खात्यात येतात, पण साधारणपणे काम झाल्यावर. तेव्हा सुरुवातीची सोय स्वतःच करायची.

आता खड्ड्याचे. पाच-सहा माणसांच्या घराला माझ्या मते दोन शोषखड्ड्यांचे शौचालय पुरते. एक खड्डा भरला की दोन्हींना जोडणाऱ्या चेंबरमधून मैला दुसऱ्याकडे वळवायचा. पहिला वर्ष-दोन वर्षे बंद ठेवला की आत कोरडे खत तयार होते. लोकांना मात्र सेप्टिक टाकीच हवी असते, आणि तीही खोलीएवढी. भारतीय मानक २४७० नुसार पाच माणसांना आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि सुमारे एक मीटर पाण्याची खोली असलेली टाकी पुरेशी आहे. वर ३० सेंटीमीटर मोकळी जागा सोडायची.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. ते उघड्या गटारात सोडले, तर एवढा खर्च करून मैला फक्त शेजाऱ्याच्या दारात नेला असे होते. त्यासाठी शोषखड्डा हवा, विहिरीपासून किमान १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर लांब. मुरमाड जमिनीत पाणी चटकन मुरते, काळ्या मातीत नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या खोलीवर छोटा खड्डा घ्या, पाणी भरून रात्रभर मुरू द्या, आणि पुन्हा भरून पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजा. तीस मिनिटांच्या आत उतरले तर शोषखड्डा चालेल. तीस ते साठ मिनिटे लागली तर पाणी जिरवायला लांब चर घ्यावे लागतात. कोकणात ही चाचणी मे महिन्यात करून भागत नाही, कारण पावसाळ्यात भूजल वर येते आणि तोच खड्डा तुंबतो.

टाकीची जागा ठरवताना मैला उपसणाऱ्या टँकरचा पाइप रस्त्यावरून पोचेल एवढे बघाच. संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवून साफ करून घेणे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने जीव जायला काही मिनिटे पुरतात.